गीत, नाव आणि नोंद : जालना परिसरातील तरुणांचा चळवळप्रवेश

१. प्रश्नाचे स्वरूप

तरुण माणूस राजकारणाकडे व चळवळीकडे का वळतो, या प्रश्नाची साधारणतः दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. ध्येयवादामुळे वळतो, हे एक उत्तर. बेकारी व पुढाऱ्यांची चिथावणी यांमुळे वळतो, हे दुसरे. पहिले उत्तर गौरवग्रंथांतून आढळते, तर दुसरे वृत्तपत्रीय लेखनातून आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या आपसांतील चर्चांतून. दोन्ही उत्तरांत तथ्यांश आहे. परंतु दोन्ही एका साध्या शंकेपाशी अडतात. एकाच गावातील, सारखेच शिकलेले आणि सारखेच रिकामे असलेले दहा तरुण घेतले, तर त्यांपैकी दोघे-तिघेच उपोषणाच्या मंडपात जाऊन बसतात. उरलेले बसत नाहीत. असे का व्हावे? शिवाय अन्याय व बेकारी वर्षानुवर्षे तशीच असताना तरुण अमुक एका वर्षीच का उठतात?

समाजशास्त्रात या शंकेचा विचार झालेला आहे. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात १९६४ च्या उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार-नोंदणीसाठी विद्यार्थी स्वयंसेवकांची मोहीम निघाली होती. डग मॅकॲडम या अभ्यासकाने त्या मोहिमेसाठी आलेले अर्ज तपासले व १९८८ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. निवड होऊन प्रत्यक्ष गेलेले आणि निवड होऊनही न गेलेले यांच्या विचारांत त्याला फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो संबंधांत. गेलेल्यांच्या ओळखीचे, विश्वासाचे कोणीतरी त्या मोहिमेत आधीच होते आणि संघटनांशी त्यांचा पूर्वसंबंध अधिक दृढ होता. मनुष्य विचार पटला म्हणून चळवळीत जातो, हे विधान त्यामुळे अपुरे ठरते. विचार पटलेले अनेक असतात. त्यांपैकी जातो तो ज्याला सोबत असते.

जालना जिल्हा हा या प्रश्नाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त प्रदेश आहे. औरंगाबाद जिल्ह्यातून व परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका घेऊन १ मे १९८१ रोजी निर्माण झालेला हा जिल्हा हैदराबाद मुक्तिसंग्राम, नामांतराचा लढा आणि अलीकडचे आरक्षण आंदोलन या तिन्ही घटनांच्या परिघात येतो. तिसऱ्या घटनेचे तर तो केंद्रच ठरला. या तीन घटनांचा एकत्र विचार केल्यास असे दिसते की, तरुणांचा चळवळप्रवेश तीन गोष्टींच्या संयोगातून घडतो : शिक्षणाच्या वा उपजीविकेच्या वाटेवरील अडसर, आधीपासून अस्तित्वात असलेली सोबत, आणि खाजगी अपयशाला सामूहिक अन्यायाचे रूप देणारा एखादा शब्द. पहिल्या दोहोंची चर्चा समाजशास्त्राने पुष्कळ केली आहे. तिसऱ्याची चर्चा साहित्य व भाषा यांच्या अभ्यासकांनी करावयास हवी. १९३८ मध्ये हा शब्द एक गीत होता, १९७८ मध्ये एक नाव होते आणि २०२३ मध्ये सरकारी दप्तरातील एक नोंद होती.

२. गीत

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राजकीय सभा भरविण्यावर 'गश्ती निशान ५३' या फर्मानान्वये कडक निर्बंध होते. त्यामुळे राजकारणाचे काम भाषिक व सांस्कृतिक संस्थांच्या आडोशाने चाले. ग्रंथालये, व्यायामशाळा, गणेशोत्सव आणि खाजगी मराठी शाळा हीच तेथील राजकीय शिक्षणाची ठिकाणे होती. मराठवाड्याच्या प्रश्नांसाठी स्थापन झालेल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. आज ते जालना जिल्ह्याचा एक तालुका आहे. मोठ्या शहराऐवजी हैदराबाद–मनमाड लोहमार्गावरील एका तालुक्याच्या गावी हे अधिवेशन व्हावे, ही गोष्ट त्या काळच्या चळवळीचे जाळे कसे पसरले होते हे दाखविते.

पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज व हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ येथील वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून संघर्ष उभा राहिला. प्रार्थनेच्या वेळी हे गीत म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली; विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. संप झाला, मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे या चळवळीतून पुढे आलेल्या तरुणांपैकी एक होत.

येथे तिन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दू माध्यमातून होते. मराठी, तेलुगू व कन्नड भाषक मुलांना आपल्या भाषेतून उच्च शिक्षण घेण्याची सोय संस्थानात नव्हती. हा अडसर. वसतिगृह ही सोबत : एकाच छपराखाली राहणारी, एकाच पंगतीत जेवणारी, खेड्यांतून आलेली मुले. एकाने गाणे थांबविले नाही की दुसऱ्यालाही थांबविणे अवघड जाते, अशी ती जागा होती. आणि गीत हा शब्द. गीताच्या आशयापेक्षाही ते म्हणण्याच्या हक्काला अधिक महत्त्व आले. ज्या मुलाने उत्तरदायी राज्यपद्धती या विषयावर एकही पुस्तक वाचले नव्हते, त्यालाही 'हे म्हणू नकोस' या आज्ञेचा अर्थ तत्काळ कळला.

काढून टाकलेला विद्यार्थी हा पुढे कार्यकर्ता झाला, हेही लक्षात घेतले पाहिजे. परतीची वाट बंद झाल्यामुळे चळवळ हीच अनेकांची कर्मभूमी ठरली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसला १९४७-४८ च्या निर्णायक लढ्यात ज्या तरुण पिढीचे बळ लाभले, तिची घडण १९३८ पासूनच सुरू झाली होती. विचार पटला म्हणून कृती झाली, हा नेहमीचा क्रम येथे बऱ्याच प्रमाणात उलट आहे. आधी कृती झाली, तिची शिक्षा मिळाली आणि त्या शिक्षेचा अर्थ लावण्यासाठी विचार जवळ केला गेला. अनंत भालेराव यांच्या 'पेटलेले दिवस' या ग्रंथाचे वाचन या दृष्टीनेही उपयुक्त ठरेल.

३. नाव

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली. तत्पूर्वी १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले होते. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेत व तिच्या वसतिगृहांत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील दलित मुलांची पहिली पदवीधर पिढी घडली. दलित साहित्याच्या इतिहासात मिलिंद परिसराचे आणि गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'चे जे स्थान आहे, त्याचा पाया या वसतिगृहीय जीवनात आहे. वाङ्मयीन चळवळ आणि राजकीय चळवळ यांचे कार्यकर्ते येथे वेगळे नव्हते. पुष्कळदा ते एकाच खोलीत राहत होते.

१९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनाच्या निमित्ताने या प्रदेशातील विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आले. नोकऱ्या, उद्योग, सिंचन, रुंदमापी लोहमार्ग या मागण्यांमागे सर्व जातींतील तरुणांना आपला प्रश्न दिसत होता. परंतु २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला आणि हा विद्यार्थिवर्ग दुभंगला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नांदेड जिल्ह्यातील पोचिराम कांबळे यांची हत्या ही त्या हिंसाचाराची खूण होऊन राहिली. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हे नाव मिळाले. ठरावापासून अंमलबजावणीपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. १९७८ मध्ये बारावीत असलेला मुलगा १९९४ मध्ये संसारी गृहस्थ झालेला होता; त्याचे सारे तारुण्य एका नावाभोवती गेले.

केवळ नावासाठी एवढा संघर्ष का, असा प्रश्न तेव्हा तटस्थ मंडळी विचारीत. त्याचे उत्तर अडसराच्या स्वरूपात आहे. ज्या तरुणाच्या घरात पहिल्यांदाच पदवी येत होती, त्याच्या दृष्टीने पदवीपत्रावरील नाव हे ती पदवी कोणामुळे शक्य झाली याची जाहीर कबुली होती. विरोध करणाऱ्या तरुणांच्या बोलण्यात 'मराठवाडा' या नावाशी जोडलेली मुक्तिसंग्रामाची स्मृती येई. त्यामागे शिष्यवृत्त्या व राखीव जागा यांविषयीची स्पर्धाभावना आणि गावातील परंपरागत वर्चस्व ढासळण्याची भीतीही होती, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. या दोन बाजू समान नव्हत्या. एका बाजूच्या तरुणाला चळवळीची किंमत घराच्या राखेने मोजावी लागली. दुसऱ्या बाजूच्या तरुणाला तशी मोजावी लागली नाही.

कार्ल मानहाइम या विचारवंताने १९२८ मध्ये पिढीविषयी केलेले विवेचन येथे उपयोगी पडते. एका काळात जन्मल्याने पिढी बनत नाही. घडणीच्या वयात एकाच घटनेला सामोरे गेल्याने ती बनते. तथापि त्या घटनेला दिलेले प्रतिसाद परस्परविरोधी असू शकतात आणि तरीही ते प्रतिसाद देणारे एकाच पिढीचे घटक असतात. नामांतराने मराठवाड्यातील तरुणांची एक पिढी घडविली. मात्र ती दोन परस्परविरोधी गटांची पिढी होती.

४. मिटलेल्या वाटा

१९९४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेच्या आधारे विद्यार्थी-प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. निवडणुकांतील हिंसाचार हे त्यामागील कारण खरे होते. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा आली; तथापि त्या प्रत्यक्षात सुरळीतपणे सुरू झाल्या नाहीत. याचा परिणाम असा की, १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आलेले असताना, नेमक्या त्या वयाच्या तरुणाला वेगळ्या जातीच्या, वेगळ्या तालुक्याच्या मुलांकडे जाऊन मत मागण्याचा सराव देणारी जागा नाहीशी झाली. ही जागा गणेशमंडळे, जयंती-उत्सव समित्या, पक्षांच्या शाखा आणि जातीच्या संघटना यांनी भरून काढली. त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी सोबत मिळते ती मुख्यतः आपल्यासारख्यांचीच.

मराठवाड्यात शिवसेनेची पहिली शाखा १९८५ मध्ये निघाली, तेव्हा तिच्याकडे वळलेल्या तरुणांत साखर कारखाना, जिल्हा बँक व शिक्षणसंस्था यांच्या प्रस्थापित राजकारणात शिरकाव न झालेले अनेक होते. घराण्याचे पाठबळ नसलेल्यास शाखा हा प्रवेशाचा मार्ग होता. पक्षाची विचारसरणी त्यांपैकी अनेकांनी प्रवेशानंतर आत्मसात केली.

दुसरी मिटलेली वाट शेतीची. जालना हे बियाणे उद्योगाचे व लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांचे शहर. मात्र जिल्ह्याचा बहुतांश भाग कोरडवाहू आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात येथील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. फळबाग उभी राहण्यास वर्षे लागतात. ती एका उन्हाळ्यात गेली की घरातील मुलाच्या शिक्षणाचा हिशेबच बदलतो. पिढ्यागणिक वाटण्यांनी तुकडे पडलेली जमीन आणि बेभरवशाचा पाऊस यांमुळे सरकारी नोकरी ही एकमेव खात्रीची गोष्ट उरली. तेथेही २०१२ पासून शिक्षकभरती दीर्घकाळ रखडली आणि डी.एड., बी.एड. झालेल्यांच्या पदव्या पेटीत पडून राहिल्या. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कादंबरीतील एकनाथ हा एम.ए., बी.एड. होऊनही नोकरीअभावी शेतीत अडकलेला तरुण आहे. चळवळीत जाण्यापूर्वीची मनःस्थिती कशी असते, याचे दर्शन समाजशास्त्रीय सर्वेक्षणापेक्षा अशा कादंबरीत अधिक घडते. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या कथांतील गावपातळीवरील सत्तासंबंधांचे चित्रणही या संदर्भात महत्त्वाचे आहे. 'एकनाथ' गावोगाव होते. पण ते एकेकटे होते, आणि एकेकट्याचे अपयश हे त्याचे स्वतःचे अपयश समजले जाते.

५. मूक मोर्चा ते उपोषण

हे एकेकटेपण मोडण्याचे काम २०१६ मध्ये झाले. अहमदनगर जिल्ह्यातील कोपर्डी येथे जुलैमध्ये घडलेल्या अत्याचार व खुनाच्या घटनेनंतर ९ ऑगस्ट २०१६ रोजी औरंगाबाद येथे मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा निघाला आणि पाठोपाठ जिल्ह्याजिल्ह्यांत असे मोर्चे निघाले. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांना अग्रस्थान नाही, अग्रभागी मुली व स्त्रिया, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावयाच्या निवेदनाचे मुलींनी केलेले वाचन, असे त्याचे रूप होते. कुणबी शेतकऱ्यांच्या घरांतील कित्येक मुलींचा सार्वजनिक जीवनातील हा पहिला प्रवेश होता. मोर्चाच्या नियोजनात स्वयंसेवक म्हणून वावरलेल्या मुलांना गावोगावच्या ओळखी झाल्या. मोर्चा एक दिवसाचा असतो; ओळख टिकते.

त्यानंतर आशा व निराशा यांची आवर्तने झाली. जुलै २०१८ मध्ये कायगाव टोका येथे एका तरुणाने आंदोलनादरम्यान गोदावरीत उडी घेतली, त्यात त्याचा मृत्यू झाला व आंदोलन चिघळले. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी सोळा टक्के आरक्षणाचा कायदा विधिमंडळाने संमत केला. जून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवून शिक्षणात बारा व नोकरीत तेरा टक्क्यांवर आणला. ९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि ५ मे २०२१ रोजी तो रद्द केला. हा क्रम बारकाईने पाहणे आवश्यक आहे. जे कधीच मिळाले नाही त्याच्यापेक्षा, मिळून हातून गेलेले अधिक सलते. स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन नियुक्तीच्या प्रतीक्षेत राहिलेल्या उमेदवारांच्या बाबतीत हे अक्षरशः खरे होते. २०२३ साली तरुण का उठले, याचे अर्धे उत्तर या आवर्तनांत आहे.

६. नोंद

उरलेले अर्धे उत्तर अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे सापडते. मनोज जरांगे हे मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. अंबड तालुक्यात स्थायिक झालेले. त्यांनी 'शिवबा संघटना' काढली होती आणि गोदाकाठच्या गावांतून वर्षानुवर्षे आंदोलने केली होती. २०२१ मध्ये त्याच तालुक्यातील साष्ट पिंपळगाव येथे झालेले आंदोलन राज्यभर फारसे गाजले नव्हते. म्हणजे २९ ऑगस्ट २०२३ रोजी अंतरवाली सराटीत उपोषण सुरू झाले, तेव्हा सोबतीचे जाळे तयार होते. १ सप्टेंबर रोजी तेथे पोलिसांनी लाठीमार केला, आंदोलक व पोलीस जखमी झाले आणि त्या रात्रीपासून गाव राज्याच्या राजकारणाचे केंद्र बनले. आधीच्या वर्षांची ही शांत बांधणी वगळून केवळ लाठीमाराला कारण मानणे, म्हणजे ठिणगीला इंधन समजणे होय.

या आंदोलनाचा विशेष असा की, त्याने आरक्षणाच्या गुंतागुंतीच्या कायदेशीर प्रश्नाला एका शब्दात आणून ठेवले : नोंद. निजामकाळातील दप्तरांत ज्यांच्या पूर्वजांची 'कुणबी' अशी नोंद आहे, त्यांना कुणबी प्रमाणपत्र मिळावे, अशी मागणी पुढे आली. ७ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि तहसील कार्यालये, शाळांची प्रवेश रजिस्टरे, जुनी जमीन-दप्तरे यांचा शोध सुरू झाला. मागासलेपणाचे निकष, पन्नास टक्क्यांची मर्यादा, घटनापीठांचे निवाडे हे सारे खेड्यातील तरुणाला दूरचे होते. पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे मात्र त्याला स्वतः जाऊन शोधता येत होते. चळवळीने प्रत्येकाच्या हाती एक काम दिले. चळवळ टिकण्यास भाषणांपेक्षा असे काम अधिक उपयोगी पडते.

या नोंदी पुष्कळ ठिकाणी उर्दूत, तर काही मोडी लिपीत होत्या. ते वाचू शकणारी माणसे अचानक आवश्यक ठरली. मराठी विभागांत दीर्घकाळ उपेक्षित राहिलेले मोडीचे अध्ययन एकाएकी उपजीविकेच्या प्रश्नाशी जोडले गेले. इतिहासाचा आणखी एक पेच येथे आहे. १९३८ चा विद्यार्थी ज्या राज्याच्या उर्दू व्यवहाराविरुद्ध उठला, त्याच राज्याचे उर्दू दप्तर २०२३ च्या तरुणाला आपल्या हक्काचा पुरावा म्हणून हवे झाले. २ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर शासनाने जो निर्णय काढला, तोही हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे.

जरांगे यांच्या भाषणांची भाषा हाही स्वतंत्र विषय होय. सभा-समारंभांतील प्रमाण मराठीऐवजी गोदाकाठची बोली, छोटी वाक्ये आणि समाजाला 'मायबाप' म्हणून घातलेली साद यांमुळे ऐकणाऱ्या तरुणाला व्यासपीठ आणि आपला पार यांत अंतर वाटले नाही. महाविद्यालयात ज्या बोलीमुळे त्याला संकोच वाटत असे, तीच येथे मंत्र्यांसमोर बोलली जात होती.

७. शब्दाची दुसरी बाजू

ज्या शब्दाने एका गटाला एकत्र आणले, त्यानेच दुसऱ्या गटाला सावध केले. इतर मागासवर्गीयांतील तरुणांच्या दृष्टीने 'नोंद' म्हणजे आपल्या मर्यादित वाट्यात येणारा नवा भागीदार होता. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबड येथे ओबीसींची मोठी सभा झाली. जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके व नवनाथ वाघमारे यांनी अंबड तालुक्यातीलच वडीगोद्री येथे उपोषण केले. अंतरवाली सराटी व वडीगोद्री यांच्यातील अंतर थोड्याच किलोमीटरांचे आहे. दोन्ही मंडपांतील तरुण बहुधा एकाच एस.टी.ने प्रवास करणारे, एकाच तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकलेले आणि एकाच भरतीची वाट पाहणारे होते. अडसर एकच, सोबत आणि शब्द वेगळे. म्हणून दोन चळवळी झाल्या.

येथे मानहाइमचे विवेचन पुन्हा आठवते. परंतु नामांतरकाळाशी तुलना करताना एक भेद ध्यानी घ्यावा लागतो. तेव्हा विद्यार्थी-निवडणुका, विद्यापीठीय मंच आणि डाव्या-समाजवादी युवक संघटना अशी काही ठिकाणे तरी होती, जेथे दोन्ही बाजूंचे तरुण समोरासमोर येत. आज ती ठिकाणे क्षीण झालेली आहेत. दोन मंडपांमधील अंतर जमिनीवर थोडे असले, तरी संवादाच्या दृष्टीने ते मोठे आहे.

८. चळवळीनंतर

चळवळीत आलेल्या तरुणाचे पुढे काय होते? काहींसाठी ती निवडणुकीच्या राजकारणाची पायरी ठरते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात १९९९ पासून खासदार असलेले रावसाहेब दानवे यांचा काँग्रेसचे कल्याण काळे यांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत मंगेश साबळे हे तरुण सरपंच अपक्ष म्हणून उभे राहिले व दीड लाखांहून अधिक मते मिळवून तिसऱ्या क्रमांकावर राहिले. सिंचन विहिरींच्या मंजुरीसाठी मागितल्या जाणाऱ्या लाचेच्या निषेधार्थ २०२३ मध्ये फुलंब्री पंचायत समितीसमोर नोटा उधळल्याने ते ज्ञात झाले होते. पक्ष, कारखाना वा घराणे यांचे बळ नसलेल्या तरुणाला एवढी मते मिळणे, हे प्रस्थापित वाटांविषयीच्या अविश्वासाचे माप मानता येईल. दुसरीकडे, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत उमेदवार उभे न करण्याचा निर्णय जरांगे यांनी घेतला. चळवळीची एकजूट मतपेटीत जशीच्या तशी उतरत नाही, ही अडचण त्यामागे होती, असे म्हणता येईल.

परंतु बहुसंख्य तरुण यांपैकी कोठेच जात नाहीत. ते घरी परततात. त्यांच्यापैकी काहींच्या नावावर दगडफेक, जाळपोळ वा रास्ता रोको यांचे गुन्हे नोंदलेले असतात. शासकीय नियुक्तीपूर्वी चारित्र्य-पडताळणी होते आणि तेथे ही नोंद आडवी येऊ शकते. नोकरीच्या हक्कासाठी पूर्वजांची नोंद शोधावयास निघालेल्या तरुणाच्या वाट्याला पोलीस ठाण्यातील नोंद यावी, हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे. गुन्हे मागे घेण्याची मागणी प्रत्येक वाटाघाटीत का येते, हे यावरून समजते. नेत्याच्या दृष्टीने ते एक कलम असते. तरुणाच्या दृष्टीने तो भरतीच्या वयोमर्यादेचा प्रश्न असतो.

९. समारोप

गीत, नाव आणि नोंद या तिन्हींत एक साम्य आहे. तीनही गोष्टी शिक्षणाच्या व नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या आहेत : वसतिगृहाची प्रार्थना, पदवीपत्रावरील नाव, प्रवेश-अर्जासोबतचे प्रमाणपत्र. मराठवाड्यातील तरुण ज्या ठिकाणी मान आणि उपजीविका यांची गाठ पडते, त्या ठिकाणी चळवळीत शिरतो. केवळ पोटाचा प्रश्न त्याला एकट्याने झुरावयास लावतो आणि केवळ मानाचा प्रश्न त्याला एखाद्या उत्सवापुरता बाहेर काढतो. दोन्ही एका शब्दात एकवटतात तेव्हाच तो घरच्यांचा विरोध पत्करून मंडपात जाऊन बसतो.

हे ध्यानी घेतल्यास 'मुले बिघडली' आणि 'मुले जागी झाली' या दोन्ही विधानांचा मोह टाळता येतो. मराठीच्या अध्यापकांपुढे याहून निकडीचे काम आहे. मूक मोर्चातील निवेदने, उपोषणस्थळावरील फलक, दोन्ही मंडपांतील भाषणे, गावोगावी वाचल्या गेलेल्या मोडी व उर्दू नोंदी हे सारे या काळाचे लेखन आहे आणि ते वेगाने नाहीसे होत आहे. ते गोळा करण्याचे काम पदव्युत्तर वर्गांनी हाती घेतल्यास अंतरवाली सराटी व वडीगोद्री या दोन्ही बाजूंच्या गावांतून आलेल्या विद्यार्थ्यांना एकमेकांचा मजकूर एका टेबलावर, एकत्र वाचावा लागेल. विद्यार्थी-निवडणुका बंद झाल्यापासून जी जागा महाविद्यालयांत उरली नाही, तिचा थोडा भाग तरी त्यामुळे परत मिळू शकेल.